पोटचा वाटा

मी आरमोरीच्या बाजारात मासळी विकते. माझा आवाज मोठा आहे. भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकांशी वर्षानुवर्षं भांडून तो तसा झालाय, आणि आता या वयात तो लहान होणार नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढची गोष्ट हळू आवाजात, पदराआडून सांगायची असते असं माझ्या माहेरच्यांना, सासरच्यांना आणि बाजारातल्या निम्म्या बायांना वाटतं. मला तसं वाटत नाही.

गोष्ट एवढीच आहे की चव्वेचाळिसाव्या वर्षी मला दिवस गेले, आणि तेव्हा माझ्या नवऱ्याची नसबंदी होऊन सतरा वर्षं उलटून गेली होती.

हे वाचून तुमच्या मनात जे आलं ते येऊ द्या. गावाच्याही मनात तेच आलं होतं, आणि गावाला मी पुरून उरले.

आमच्या गावात पुरुष ऑपरेशन करून घेतात. बाहेरच्या पाहुण्यांना हे सांगितलं की ते आधी हसतात आणि मग खरंच का म्हणून विचारतात. खरंच. माझ्या दुसऱ्या बाळंतपणात माझ्या अंगातलं रक्त इतकं कमी झालं की उठून बसले तरी डोळ्यांपुढे अंधारी यायची. माझं ऑपरेशन कधी करायचं याची घरात चर्चा सुरू होती. नवरा एक दिवस काही न बोलता सकाळी नसबंदी कॅम्पच्या जीपमध्ये बसून आरमोरीला गेला आणि दिवस मावळायच्या आत सुपारी-तंबाखूचा खर्रा चघळत परत आला. म्हणाला, "झालं. आता तू जेव अन् झोप." टाका नाही, काही नाही. दोस्तांनी त्याला खच्ची बैल म्हणून चिडवलं, तेव्हा तो हसून जाळं खांद्यावर टाकून तलावाकडे निघून गेला. त्या दिवशी मला तो जितका आवडला तितका लग्नातही आवडला नव्हता.

त्यानंतर आम्ही दोघं त्या बाबतीत निर्धास्त झालो. मुलगी मोठी होऊन कॉलेजात गेली, मुलगा नागपूरला कामाला लागला. सासू, नवरा, मी आणि मुलगी एवढेच घरात उरलो. ऑपरेशन ही झालेली, संपलेली गोष्ट होती. त्यावर पुन्हा कधी विचार करायचा असतो हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी आम्ही ऐकलं नसतं.

चाळिशीनंतर माझी पाळी मागेपुढे व्हायला लागली. कधी दीड महिन्याने, कधी तीन महिन्यांनी. संक्रांतीच्या आधी ती आली नाही आणि नंतरही आली नाही, तेव्हा मी मनातल्या मनात हात जोडले. बाजारात माझ्या शेजारी बसणारी म्हातारी भाजीवाली म्हणाली, "सुटली बापा तू." मलाही सुटल्यासारखं वाटलं. टोपल्या उचलायच्या, बर्फ फोडायचा, गाडीत चढायचं, उतरायचं, आणि वर ते कपडे सांभाळायचे, याला मी कंटाळले होते.

मग एका सकाळी मला सुक्या झिंग्यांचा वास आला. मासळीवालीला मासळीचा वास येत नाही हो. आमच्या नाकाला तो वास घरच्या हवेसारखा असतो. त्या दिवशी मात्र झिंग्यांची गोणी उघडली आणि पोटातलं सगळं तोंडात आलं. मी गोणी बांधून टाकली आणि तिथेच खाली बसले. दोन्ही पोरांच्या वेळी मला पहिल्यांदा झिंग्यांचाच वास आला होता. माझ्या अंगाला कळलं होतं. डोकं मात्र म्हणत होतं, कसं शक्य आहे, माणसाचं ऑपरेशन झालेलं आहे.

उपकेंद्रातली सिस्टर सिंदेवाहीकडची, माझ्याहून लहान, पण कामाला चोख. तिने तपासणीची पट्टी माझ्यासमोर धरली. दोन रेघा होत्या. तिने हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले.

"ताई, राग नका मानू," ती म्हणाली.

"रागच मानीन. विचार."

"भाऊंचं ऑपरेशन झालं होतं ना?"

"झालं होतं. अन् मी दुसऱ्या कोनाजवळ गेली नाई. आता सांग, हे कसं झालं?"

तिने सांगितलं, आणि चांगलं सांगितलं. ऑपरेशनमध्ये नळी कापतात. क्वचित कुणाची ती आतल्या आत पुन्हा जुळते, कधी लगेच, तर कधी कितीतरी वर्षांनी, आणि त्या माणसाला पत्ताही लागत नाही. वर माझं वय. "पाळी दोन-चार महिने चुकली म्हनजे गेली असं नाई होत ताई," ती म्हणाली. "या वयात ती जाते, येते, अन् मधातच कधीतरी बीज सुटते. बाया समजतात का आता काई होत नाई, अन् तेव्हाच होते." तिने माझं बीपी बघितलं, रक्त काढलं, सिकलसेलची तपासणी लिहून दिली. मग हेही सांगितलं की नको असेल तर काढता येतं, ऑपरेशन फेल गेलं हे कारण कायद्यात बसतं, फक्त लवकर ठरवावं लागेल. आणि भाऊंना आरमोरीला नेऊन त्यांच्या वीर्यात शुक्राणू आहेत का ही तपासणी करून घ्या, म्हणजे सगळ्यांचीच शंका फिटेल.

"सगळे कोन?" मी विचारलं.

ती माझ्या कार्डावर तारीख लिहायला लागली.

नवरा अंगणात बसून जाळं सांधत होता. मी समोर बसले आणि सरळ सांगितलं. त्याचा हात थांबला नाही. त्याने गाठ मारली, दोरा ओढला, पुढच्या फाटलेल्या जागेवर गेला. मग म्हणाला, "माह्यं तं ऑपरेशन झालं हाय."

"मले माहीत हाय. फेल गेलं."

तो पुढे काहीच बोलला नाही, आणि त्या दिवसापासून बोललाच नाही. जेवायचा, तलावावर जायचा, पहाटे पकडलेली मासळी माझ्या टोपल्यांत भरून द्यायचा, रोहू किती, कतला किती हे सांगायचा आणि निघून जायचा. त्याने हात उचलला असता तर मी त्याच दिवशी माहेर गाठलं असतं. त्याने विचारलं असतं तर मी उत्तर दिलं असतं. पण गप्प बसलेल्या माणसाशी भांडण तरी कसं करायचं? मी भांडी आपटून बघितली. सासूच्या कानांना त्रास झाला, त्याला काही झालं नाही.

मूल ठेवायचं की नाही यावर मी एकटीने विचार केला. मला ते हवं होतं असं मी म्हणणार नाही. या वयात पुन्हा दुपटी, पुन्हा रात्रीची जागरणं, आणि दवाखान्यात सगळे आपल्याला आजी समजणार. नको होतं असंही नाही. पोरं मोठी झाल्यापासून घरात कुणी माझ्यावाचून अडत नव्हतं, आणि ते मला टोचत होतं. मी दोन्ही गोष्टी मनात ठेवून बघितल्या. मग माझ्या लक्षात आलं की काढायचा विचार येतो तेव्हा दरवेळी पहिलं कारण लोक असतात. माझी तब्येत, माझं वय, माझं काम, ही कारणं मागे उभी असतात. मला तब्येतीसाठी काढायचं असतं तर मी काढलं असतं आणि कुणाच्या बापाला घाबरले नसते. लोकांसाठी मात्र मी ते करणार नव्हते. सिस्टरला जाऊन सांगितलं की ठेवते, आणि तुझ्या सगळ्या गोळ्या घेते.

बाजारात एकदा उलटी झाली आणि गावभर झालं. आमच्या गावात सगळ्यांना सगळं माहीत असतं. कुणाची नसबंदी कधी झाली हे लोकांना स्वतःच्या पोरांच्या वाढदिवसांपेक्षा पक्कं आठवतं. मी कुणाकुणाशी बोलते याची उजळणी सुरू झाली. मासळीवाली बाई दिवसभर पुरुषांशीच बोलते. बर्फवाला, टोपल्या नेणारा ऑटोवाला, हॉटेलवाले. बिचाऱ्या बर्फवाल्याने तर भीतीने मला बर्फ देणंच बंद केलं. मी त्याच्या दुकानापुढे उभी राहून सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी ओरडले, "काऊन बे, बर्फानं पोट राह्यते का?" दुसऱ्या दिवसापासून बर्फ मिळाला. पण मी हसले नव्हते. मला संताप आला होता.

मुलगी म्हणाली, "आई, कॉलेजात पोरी विचारतात. मले लाज वाटते."

"मंग तोंडाले रुमाल बांधून जात जा. उन्हाचंही काम होईन."

ती रडली. मी तिला जवळ घेतलं नाही, मी तेवढी चांगली बाई नाही. तिला म्हटलं, तू शिकतेस ना, मग सिस्टरकडे जाऊन विचार नळी कशी जुळते ते, आणि मैत्रिणींना तेच सांग. ती गेली आणि विचारून आली. नंतर कॉलेजात कुणी काही बोललं तर ती चित्र काढून दाखवायची असं ऐकलं. माझीच मुलगी.

सासूचं काय चाललंय ते मला कळत नव्हतं. ती फार बोलणारी बाई नाही. एका दुपारी मोहफुलं निवडताना तिने स्वतःहूनच विषय काढला. "माह्या वक्ती सासू अन् सून एकाच साली बाळंत होत," ती म्हणाली. "माह्या धाकट्याच्या वक्ती माह्या मोठ्या पोरीले लेकरू होतं. कोनी काई म्हने नाई."

"तुमचा मानूस ऑपरेशन केलेला नव्हता," मी म्हटलं.

"नव्हता." तिने मोहाचं एक फूल बाजूला टाकलं. "हे पाय, आत का झालं ते मले माहीत नाई. पन तू खोटी असती तं इतकी भांडली नसती. खोटी बाई गोड बोलते."

घरात माझ्या बाजूने बोललेलं ते पहिलं वाक्य होतं. मी तिच्या पाया पडायला वाकले तर म्हणाली, "पोट दाबू नको, बस."

नवऱ्याला मी तपासणीचं एकदाच सांगितलं. सिस्टर म्हणते आरमोरीला होते, अर्ध्या दिवसाचं काम आहे. त्याने चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाला, "अन् काई नाई निघालं तं?"

तेव्हा मला कळलं की तो माझ्यावर रुसलेला नव्हता. तो घाबरला होता. ते कळून माझा राग कमी व्हायला हवा होता, पण तो वाढला. एकवीस वर्षं माझ्याशेजारी झोपलेल्या माणसाला मी कशी आहे हे कळायला दवाखान्यातली बाटली लागत होती.

"मंग नका जाऊ," मी म्हटलं. "मी धाडत नाई."

आणि पुन्हा सांगितलं नाही. सिस्टर म्हणाली, ताई, हट्ट करता, एका तपासणीने सगळ्यांची तोंडं बंद होतील. होतील की. पण एकदा मी त्या तपासणीच्या आधारावर उभी राहिले असते तर जन्मभर तिच्याच आधारावर उभं राहावं लागलं असतं. उद्या मी उशिरा घरी आले तर पुन्हा कुठली तरी तपासणी. मी आहे तशी बघून ज्याला विश्वास ठेवायचा त्याने ठेवावा, एवढंच मला हवं होतं. तेही सगळ्या गावाकडून नको, एका माणसाकडून हवं होतं.

आता वाट्याची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिथेच येऊन अडलं होतं.

आम्ही ढिवर. तलाव आमच्या लोकांचा सामाईक. वैशाख संपत आला की पाणी मधल्या खोलगट जागेत गोळा होतं, आणि एक दिवस ठरवून सगळ्या घरांची माणसं मिळून मोठं जाळं ओढतात. मग पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, पळसाची पानं अंथरतात आणि घरटी एक असे मासळीचे वाटे पाडतात. ज्या घरात बाई पोटुशी असेल त्या घराला एक वाटा जास्तीचा. तो लहान असतो, पण त्यावर चांगली जिवंत मरळ ठेवतात. त्याला आम्ही पोटचा वाटा म्हणतो. जन्माला यायच्या आधीच त्या लेकराला तलावाचा हिस्सा मिळतो. मात्र तो आपोआप मिळत नाही. ज्याचं लेकरू त्याने जाळ्यातून बाहेर यायचं, तसंच ओलं सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि मोठ्याने म्हणायचं, माह्या घरी पोट हाय, पोटचा वाटा पाडा. एवढंच. माझ्या नवऱ्याने हे दोनदा म्हटलं होतं. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा 'पोट' या शब्दावर त्याचा आवाज फाटला होता आणि सगळी पाळ हसली होती.

वाटे पाडणारे म्हातारे नात्याने माझे चुलत सासरे लागतात. मी त्यांना मामाजी म्हणते. जाळं ओढायच्या आदल्या दिवशी ते आमच्या ओट्यावर येऊन बसले. पाणी प्यायले, घाम पुसला, पुन्हा पाणी मागितलं.

"सूनबाई," ते म्हणाले, "मी म्हनतो, यंदा पोटचे वाटे काढूच नाई. मासळी कमी हाय."

"मासळी तं यंदा मायंदाळी हाय, मामाजी. मीच विकून राह्यली रोज."

"तसं नाई वो. म्हंजे कोनावरच वेळ नाई यायची."

ते माझ्या भल्यासाठी बोलत होते, आणि त्यामुळेच मला जास्त झोंबलं. शिवी दिली असती तर उलटी शिवी देता आली असती. गावात आणखी एक पोटुशी होती, पलीकडच्या गल्लीतली नवी सून. मी म्हटलं, "त्या पोरीचं पैलं पोट हाय. माह्यापायी तिचा वाटा काऊन बुडवता? दोन वाटे पाडा."

"अन् मागन कोन?"

"ज्याचं हाय तो मागन."

"अन् त्यानं नाई मागतला तं?"

"तं मी मागीन."

"बाई नाई मागत, सूनबाई."

"आजपावतर नाई मागतला."

नवरा परसात बसला होता, भिंतीपलीकडे. त्याला शब्दन् शब्द ऐकू गेला असणार, मी त्याच बेताने बोलत होते. मामाजी उठले, काठी घेतली आणि दारातून वळून माझ्याकडे बघितलं. रागावले की हसले, ते मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सातव्या महिन्याचं पोट घेऊन मी पाळीवरच्या मोहाखाली बसले. पोटुशी बाई पाण्यात उतरत नाही. जाळं दोन्ही बाजूंनी जवळ येत गेलं, पाणी गढूळ झालं, आत मासळी उसळायला लागली. माणसं ओरडत होती, हसत होती, चिखलात पडत होती. इतर वर्षी मी सगळ्यांत जास्त ओरडते. त्या दिवशी मी नुसती बसून होते, हे कबूल करते. काय होणार ते मला खरंच माहीत नव्हतं. त्याने मागितलं नाही तर मी त्या घरात राहणार नव्हते. कुणाला सांगितलं नव्हतं, पण माझी पिशवी भरलेली होती.

मासळी वर आली. मामाजींनी पानं अंथरली, वाटे पाडायला घेतले. घरं संपली तेव्हा त्यांनी शेवटी दोन पानं जास्तीची ठेवली आणि हात झटकून उभे राहिले. नव्या सुनेचा नवरा पुढे झाला, लाजत लाजत बोलला, लोकांनी टाळ्या पिटल्या, कुणीतरी त्याच्या डोक्यावर चिखल थापला. पहिल्या पानावर मरळ पडली.

दुसरं पान रिकामं होतं. सगळे ते पान बघत होते आणि माझ्याकडे बघायचं टाळत होते. माझा नवरा कमरेइतक्या पाण्यात पाठमोरा उभा राहून जाळ्यात अडकलेली काटकी काढत होता. एवढी कसली काटकी ती, निघता निघेना.

मी उठले. पाळ उतरताना पाय घसरत होते, मुलीने हात धरायला बघितलं, मी धरू दिला नाही. पानासमोर जाऊन उभी राहिले. मामाजींनी मान खाली घातली. मी तोंड उघडलं.

"माह्या घरी..."

"थांब वो!"

सगळ्या तलावाने ऐकलं. तो जाळं टाकून पाण्यातून बाहेर आला, मांड्यांपर्यंत चिखल, अंगावरून पाणी गळतंय. माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या आणि पानाच्या मध्ये येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "माह्या घरी पोट हाय. पोटचा वाटा पाडा."

आवाज त्याच शब्दावर फाटला. या वेळी कुणी हसलं नाही.

मागून कुणीतरी विचारलंच, "अन् ऑपरेशन?"

तो वळला. "ऑपरेशन माह्यं झालं होतं, तुह्यं नाई. त्याची फिकर मी करीन."

मामाजींनी टोपलीतली सगळ्यांत मोठी मरळ काढली आणि पानावर ठेवली. ती पानावरून दोनदा उडाली, दोन्ही वेळा त्यांनीच वाकून उचलून ठेवली. मला रडू आलं. सगळ्यांसमोर आलं, आणि मी पदर लावला नाही.

हे वाचून वाटेल की घरी जाऊन आम्ही गळ्यात गळे घातले. आम्ही भांडलो. चार महिन्यांचं साचलेलं भांडण होतं, ते काय एका मरळीने फिटतं? मी विचारलं, इतके दिवस तोंडात काय धरलं होतं? तो म्हणाला, "मले भेव वाटे. तपासनीत काई नाई निघालं तं मी काय करीन, हेच डोक्यात राहे. काल तू मामाजीसंग बोलली, अन् मले समजलं का तपासनीत काई बी निघो, मी कुठी जानार नाई, अन् लेकरू माह्यंच हाय."

"काई बी निघो म्हंजे?" मी कडाडले.

"अवो, तसं नाई..."

"तसं नाई तं कसं?"

सासूने आतून सांगितलं की आता मरळ कुणीतरी साफ करा, नाहीतर ती म्हातारपणाने मरेल. तो उठला आणि साफ करायला बसला. पोटच्या वाट्याची मासळी पोटुशीनेच खायची असते. मी नाक दाबून दोन तुकडे खाल्ले, बाकी सासूने मिटक्या मारत संपवली. 'काई बी निघो' हे शब्द मी त्याला अजून ऐकवते. पण खरं सांगते, पिशवी मी त्याच संध्याकाळी रिकामी केली. आणि जसजसे दिवस गेले तसं मला वाटायला लागलं की माझ्यावर विश्वास ठेवणं त्याला सोपं गेलं असतं तर त्याने त्या दिवशी काय मोठं केलं असतं? त्याला ते जड गेलं, आणि तरी तो पाण्यातून बाहेर आला.

श्रावणात मुलगी झाली. गडचिरोलीच्या दवाखान्यात माझ्या बीपीने डॉक्टरणीला चांगलंच घाबरवलं, पण बाळंतपण सरळ झालं. वॉर्डातल्या एका बाईने मला विचारलं, "नात झाली का?" मी म्हटलं, "हो, माह्याच पोटातून." डॉक्टरणीने निघताना बजावलं की आता बेसावध राहू नका, तुमची पाळी अजून गेलेली नाही, यांची तपासणी करून मग काय वापरायचं ते ठरवा. तिचं बरोबर होतं. घरी आल्यावर मीच नवऱ्याला म्हटलं, "आता जा आरमोरीले. पुढच्यासाठी जा. मागच्यासाठी नको."

तो गेला. परत आला तेव्हा मी अंगणात पोरीला तेल लावत होते. डॉक्टर काय म्हणाले ते त्याने शब्दाला शब्द सांगितलं. मग शेजारी बसला आणि म्हणाला, "आता गावाले काय सांगाचं?"

"काईच नाई."

"काऊन?"

"तुमी त्या दिवशी काई माहीत नसताना मागतलं. आता हे सांगतलं तं लोक म्हनतीन, दवाखान्यानं मागतलं."

त्याने तेलाची वाटी माझ्या हाताजवळ सरकवली आणि पोरीचे पाय धरले, ती फार लाथा मारत होती. त्याने आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सिस्टरने विचारलं, पण तिलाही आम्ही सांगितलं नाही; पुढे काय वापरायचं तेवढंच विचारलं आणि ते घेऊन आलो.

पोरगी आता चार वर्षांची होत आली. सुट्टीच्या दिवशी बाजारात माझ्याजवळ बसते, कतल्याच्या डोळ्यात बोट घालते, आवाज माझ्यावर गेलाय. काही गिऱ्हाइकं अजून तिचं नाक बघतात, कपाळ बघतात, मनात कुणाशी तरी जुळवून बघतात. मी विचारते, मासळी घ्यायची आहे की पोरगी निरखायची आहे? मग ते गडबडीने मासळी घेतात, आणि त्या गडबडीत भाव करायचा विसरतात.

आता तुम्ही. इतकं वाचून तुम्हीही थांबला असाल की ही बाई आता सांगेल, आरमोरीच्या डॉक्टरने काय सांगितलं ते. नवरा परत आला तेव्हा त्याचा चेहरा कसा होता तेही मी मुद्दाम लिहिलेलं नाही, कारण तुम्ही त्यावरून ओळखाल. ते त्याला माहीत आहे आणि मला माहीत आहे. तुम्हाला ते कळायलाच हवं असं वाटत असेल तर तुम्ही आमच्या गावचेच. वाटा त्या तपासणीच्या आधीच मागून झाला होता.